प्रॉक्समॉक्स व्हीई: चालत्या सर्व्हरची डिस्क वाढवण्याच्या कसोटीवर

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याची संगणक यंत्रणा आमच्या देखरेखीखाली आहे. तेथील सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स व्हीई, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारी प्रणाली, बसवलेले असून त्यावर हिशेबाचे विंडोज सर्व्हर, सूत आणि तयार मालाच्या नोंदी ठेवणारे लिनक्सवरील डेटाबेस मशीन, जॅकार्डच्या नक्षींचे फाइल सर्व्हर आणि काही किरकोळ कामांचे कंटेनर (मूळ सर्व्हरच्याच कार्यप्रणालीचा गाभा वापरणारे हलके, वेगळे कप्पे) चालतात. प्रॉक्समॉक्सच्या सर्व सोयींचा आढावा घेणे हा या परीक्षणाचा हेतू नाही. व्हर्च्युअल मशीन चालू असताना तिची डिस्क सुरक्षितपणे वाढवणे, या एकाच कामापुरते हे उत्पादन कितपत भरवशाचे ठरते, एवढेच येथे तपासले आहे.

हे काम छोट्या कारखान्यातही वारंवार निघते, कारण नोंदी कमी करण्याची मुभा कायदाच देत नाही. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, कंपनी असल्यास हिशेबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात, आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद करणारा, बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल सक्तीचा झाला आहे. निर्यातीची स्कॅन केलेली कागदपत्रे आणि ग्राहकागणिक बदलणाऱ्या नक्षींच्या फाइली यांची भर वेगळीच. त्यामुळे मशीन तयार करताना ऐसपैस वाटलेली १०० जीबीची डिस्क काही काळाने अपुरी पडते, आणि एक दिवस हिशेब विभागातून फोन येतो की, "साहेब, सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, बिल सेव्ह होईना."

प्रॉक्समॉक्स ही ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरातील कंपनी आहे. तिच्या या प्रणालीची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली. डेबियन लिनक्सच्या पायावर केव्हीएम (व्हर्च्युअल मशीनसाठी) आणि एलएक्ससी (कंटेनरसाठी) या दोन तंत्रांना एकाच वेब पानावरून हाताळण्याची सोय ती देते, आणि तिचा स्रोत एजीपीएल परवान्याखाली खुला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही याच क्षेत्रातील मोठी कंपनी विकत घेतल्यावर तिचे कायमस्वरूपी परवाने बंद झाले, आणि वर्षाकाठचे भाडे न परवडणाऱ्या अनेक छोट्या आस्थापनांचे लक्ष प्रॉक्समॉक्सकडे वळले. आमच्याकडे ते त्याआधीपासून असल्याने तो खटाटोप करावा लागला नाही.

प्रत्यक्ष काम पाहू. मशीनच्या हार्डवेअर या पानावर डिस्कची ओळ निवडायची, वरच्या डिस्क ॲक्शन या यादीतून रिसाइज निवडायचे, की एक लहानशी खिडकी उघडते. तिच्यात डिस्कचे नाव असते आणि साइज इन्क्रिमेंट नावाचा एकच रकाना असतो. येथे एकूण आकार लिहायचा नसून फक्त वाढ लिहायची असते, ही बाब नवख्या माणसाच्या ध्यानात आणून द्यावी लागते. १०० जीबीची डिस्क १५० करायची असेल तर रकान्यात ५० लिहायचे. घाईत १५० लिहिल्यास डिस्क २५० जीबीची होते. कमांड लिहून काम करणाऱ्यांसाठी क्यूएम रिसाइज ही आज्ञा आहे आणि तेथे नियम निराळा आहे. आकड्याआधी अधिक चिन्ह दिले तर तो आकडा मूळ आकारात मिळवला जातो, चिन्ह दिले नाही तर तोच अंतिम आकार मानला जातो. अंतिम आकार मूळ आकारापेक्षा लहान भरला तर डिस्क आक्रसता येत नाही असे सांगून आज्ञा नाकारली जाते. हे नाकारणे चांगलेच आहे. परंतु चुकून जास्त दिलेली जागा परत घेण्याचाही मार्ग त्यामुळे उरत नाही. नवी लहान डिस्क जोडून सगळा डेटा तिच्यावर उतरवणे, एवढाच उपाय राहतो. अमेझॉन, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या क्लाउडवरील डिस्काही केवळ वाढवता येतात, तेव्हा या मर्यादेसाठी एकट्या प्रॉक्समॉक्सला बोल लावता येणार नाही. एकच रकाना असलेल्या त्या खिडकीत सध्याचा आकार आणि वाढीनंतरचा आकार शेजारीशेजारी दाखवला असता तर मात्र निम्मा गोंधळ टळला असता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बटण दाबल्यानंतरचा वेग वाखाणण्याजोगा आहे. व्हर्टआयओ स्कझी प्रकारच्या कंट्रोलरवर (मशीनला डिस्क जोडणाऱ्या आभासी भागावर) डिस्क असेल तर मशीन बंद करावे लागत नाही. डेटाबेस चालू असतो, मागावरच्या नोंदी येत राहतात आणि डिस्क क्षणार्धात मोठी होते. त्या मशीनचा बॅकअप चालू असेल तर मशीनला कुलूप असल्याचे सांगून रिसाइज थांबवले जाते, हीदेखील योग्य खबरदारी आहे.

तरीही बिल सेव्ह होत नाही, कारण डिस्क वाढवणे हे काम तीन थरांत होते आणि प्रॉक्समॉक्सने त्यातला फक्त बाहेरचा थर वाढवलेला असतो. डिस्क मोठी झाली तरी तिच्या आतले पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला कप्पा, जुन्याच मापाचे असते आणि पार्टिशनच्या आतली फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवणारी रचनाही. ही दोन्ही कामे मशीनच्या आत शिरून आपल्यालाच करावी लागतात. कंटेनरच्या बाबतीत हीच प्रणाली फाइल सिस्टिमही सोबतच वाढवून देते, त्यामुळे ज्यांना कंटेनरची सवय आहे त्यांची मशीनच्या बाबतीत फसगत होते. व्हर्च्युअल मशीनच्या आत कोणती कार्यप्रणाली आहे याच्याशी बाहेरच्या व्यवस्थेचा संबंध नसतो, म्हणून हा भेद तांत्रिकदृष्ट्या रास्त आहे. पण 'आतले पार्टिशन अद्याप वाढलेले नाही' अशी एक ओळ त्या खिडकीत लिहायला हरकत नव्हती.

लिनक्स मशीनमध्ये पुढचे काम सुटसुटीत आहे. एलएसबीएलके ही आज्ञा दिली की डिस्क १५० जीबी आणि तिच्याखालचे पार्टिशन १०० जीबी असे चित्र स्पष्ट दिसते. ग्रोपार्टने पार्टिशन वाढवायचे, एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी लिनक्सची व्यवस्था) असेल तर पीव्हीरिसाइज आणि मग एलव्हीएक्स्टेंड द्यायचे, आणि शेवटी फाइल सिस्टिम ईएक्सटी४ असेल तर रिसाइजटूएफएस किंवा एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस चालवायचे. एलव्हीएक्स्टेंडला आर हा पर्याय जोडला की फाइल सिस्टिमही त्याच आज्ञेत वाढते. जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कवर पार्टिशन तक्त्याची (कोणते पार्टिशन कोठे आहे या नोंदीची) राखीव प्रत डिस्कच्या शेवटी असते, आणि डिस्क वाढल्यावर ती मधेच पडल्यासारखी होते; पार्टेड उघडल्यास ती दुरुस्त करू का असे विचारले जाते, त्याला होकार द्यावा. उबंटू सर्व्हरच्या बाबतीत डिस्क वाढवण्याआधीच एक गोष्ट पाहून घ्यावी. त्याचा इन्स्टॉलर एलव्हीएमच्या नेहमीच्या मांडणीत मध्यम आकाराच्या डिस्कची निम्मी जागाच वापरात घेतो आणि उरलेली तशीच ठेवतो, त्यामुळे पुष्कळदा प्रॉक्समॉक्सकडे जाण्याची गरजच नसते. डिस्क २ टीबीच्या पलीकडे न्यायची असेल तर पार्टिशन तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीचा आहे की जीपीटीचा, हे आधी तपासावे. ५१२ बाइटच्या सेक्टरवर एमबीआरला त्यापुढची जागा दिसतच नाही.

विंडोजची कहाणी मात्र त्रासाची आहे. डिस्क मॅनेजमेंट उघडून रीस्कॅन केले की नवी जागा उजवीकडे काळ्या पट्टीत अनअलोकेटेड म्हणून दिसते, आणि तरीही सी ड्राइव्हवर उजवे बटण दाबल्यावर एक्स्टेंड व्हॉल्यूम हा पर्याय करडा, निष्क्रिय असतो. याचे कारण दोहोंच्या मधे बसलेल्या पाचएकशे एमबीच्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये (विंडोज बिघडल्यास दुरुस्तीसाठी राखलेल्या भागात) आहे. विंडोजला लगतचीच जागा जोडता येते आणि हे पार्टिशन नेमके सीच्या पाठीला चिकटलेले असते. अशा वेळी आंतरजालावरून एखादे फुकट पार्टिशन सॉफ्टवेअर उतरवून ते हिशेबाच्या सर्व्हरवर चालवण्याचा मोह होतो. तो आवरावा. विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी हे काम होते. रीएजंटसी डिसेबल या आज्ञेने रिकव्हरीची फाइल सी ड्राइव्हवर परत घेतली जाते, त्यानंतर डिस्कपार्टमध्ये ते पार्टिशन ओव्हरराइड (सक्तीने काढण्याचा पर्याय) लावून काढायचे, सी वाढवताना शेवटी थोडी जागा मोकळी सोडायची, तेथे रिकव्हरी पार्टिशन पुन्हा उभारायचे आणि रीएजंटसी एनेबल द्यायचे. डिस्कपार्टमध्ये चुकीचे पार्टिशन निवडून डिलीट दिले गेले तर ते कोणताही प्रश्न न विचारता जाते, म्हणून निवड केल्यावर यादी पुन्हा मागवून पार्टिशनच्या आकड्याआधी आलेली चांदणी पाहिल्याशिवाय पुढची आज्ञा देऊ नये.

या सगळ्या उठाठेवीवरचा उपाय मशीन उभारतानाच करावा लागतो. कार्यप्रणाली एका डिस्कवर आणि हिशेबाचा डेटा दुसऱ्या डिस्कवर ठेवला, तर वाढवायची वेळ येते ती बहुतेक वेळा दुसऱ्या डिस्कवरच, आणि डी ड्राइव्हच्या मागे कोणतेही रिकव्हरी पार्टिशन नसते. लिनक्समध्ये तर डेटाच्या डिस्कवर पार्टिशनच न पाडता थेट फाइल सिस्टिम बसवली, तर मधला थरच नाहीसा होतो. प्रॉक्समॉक्समध्ये अशी दुसरी डिस्क जोडणे इतके सोपे आहे की एकाच डिस्कवर सगळे कोंबण्याचे समर्थन आता करता येत नाही.

आता प्रॉक्समॉक्सच्या दुखऱ्या बाजूविषयी. इन्स्टॉलरने नेहमीच्या पद्धतीने मांडणी केली की मशीनच्या डिस्का एलव्हीएम-थिन नावाच्या सामायिक साठ्यात जातात. या साठ्यात मशीनला ३०० जीबी दिले असे म्हटले तरी प्रत्यक्षात लिहिले जाईल तेवढीच जागा खर्च होते. त्यामुळे ९०० जीबीच्या साठ्यातून चार मशीनना प्रत्येकी ३०० जीबी कबूल करता येतात आणि कोणी अडवत नाही. हाती सूत नसताना चादरींच्या ऑर्डरी घेत सुटण्यातला हा प्रकार आहे. सगळे ग्राहक एकदम माल मागायला येईपर्यंत व्यवहार उत्तम चालतो. रिसाइजच्या बटणाने आपण प्रत्यक्षात कबूल केलेला आकडा फुगवत असतो, आणि साठ्यात खरोखर किती शिल्लक आहे याचा त्या खिडकीत उल्लेखही नसतो. नवी डिस्क तयार करताना टास्कच्या लॉगमध्ये, सर्व थिन व्हॉल्यूमची बेरीज साठ्यापेक्षा जास्त झाली आहे अशी एलव्हीएमची सूचना उमटते. पण काम यशस्वी झाल्याचा ओके दिसल्यावर लॉग उघडून वाचणारे किती, हा प्रश्नच आहे.

साठा खरोखर भरला तर फटका फक्त वाढवलेल्या मशीनला बसत नाही. त्या साठ्यावरच्या सर्वच मशीनचे नवे लेखन अडते, नेहमीच्या मांडणीत सुमारे ६० सेकंद वाट पाहून त्यांना चूक कळवली जाते, आणि प्रॉक्समॉक्सच्या पानावर मशीनची स्थिती आयओ-एरर अशी दिसू लागते. हिशेबाला जागा द्यायला गेलो आणि उत्पादनाच्या नोंदी बंद पडल्या, अशी अवस्था येऊ शकते. म्हणून रिसाइज दाबण्याआधी होस्टच्या, म्हणजे मूळ सर्व्हरच्या, शेलमध्ये एलव्हीएस ही आज्ञा देऊन दोन रकाने पाहणे आम्ही सक्तीचे केले आहे. डेटा टक्केवारीचा रकाना सगळेच पाहतात. त्याच्या शेजारचा मेटा टक्केवारीचा रकाना पाहायचा राहून जातो. हा मेटाडेटा म्हणजे कोणता तुकडा कोठे ठेवला याची वही असते आणि ती भरली तर डेटासाठी जागा असूनही साठा अडचणीत येतो. डेटा ८० टक्क्यांवर गेला असेल तर आधी होस्टला नवी डिस्क जोडून साठा वाढवावा, मशीनची डिस्क नंतर. साठा ठरावीक टक्क्यांवर गेल्याची मेल प्रॉक्समॉक्स आपणहून पाठवत नाही; त्यासाठी रोज एलव्हीएस चालवून आकडा तपासणारी चार ओळींची स्क्रिप्ट आपणच लिहून ठेवावी लागते. जे उत्पादन बॅकअप फसल्याची मेल इमानेइतबारे पाठवते, त्याने या बाबतीत गप्प राहावे हे पटत नाही.

पुसलेल्या फाइलींची जागा साठ्यात आपोआप परत येत नाही, हेही येथेच नोंदवले पाहिजे. डिस्कच्या पर्यायांत डिस्कार्डवर (रिकामी झालेली जागा परत करण्याच्या पर्यायावर) खूण केलेली असावी लागते, आणि मशीनच्या आत लिनक्समध्ये एफएसट्रिम किंवा विंडोजमध्ये ऑप्टिमाइझ ड्राइव्हज चालावे लागते. जुन्या मशीनवर ही खूण करून पहिल्यांदा एफएसट्रिम चालवले की साठ्याची टक्केवारी डोळ्यांदेखत खाली येते, आणि कधीकधी डिस्क वाढवण्यापूर्वी लागणारी जागा तेथूनच मिळते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने प्रॉक्समॉक्सचे खरे बळ रिसाइजमध्ये नसून बॅकअपमध्ये आहे. रिसाइज उलटवता येत नाही, तेव्हा आदल्या क्षणाची पूर्ण प्रत हाती असणे हीच एकमेव हमी ठरते. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची टिपून ठेवलेली स्थिती, घेऊन काम भागेल असे अनेकांना वाटते. परंतु थिन साठ्यातील स्नॅपशॉट त्याच साठ्यात राहतो, बदल होतील तशी जागा खातो आणि साठ्यालाच काही झाले तर मूळ डिस्कसोबत जातो. येथे इतर उत्पादनांशी तुलना करणे उचित होईल. व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट असताना डिस्क वाढवताच येत नाही, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्येही चेकपॉइंट (तेथील स्नॅपशॉट) असल्यास तीच अट आहे. प्रॉक्समॉक्समध्ये थिन साठ्यावर स्नॅपशॉट असतानाही रिसाइज होते. ही सवलत वरवर सोयीची असली तरी आमच्या मते त्या दोघांचा आडमुठेपणा येथे अधिक हिताचा आहे, कारण स्नॅपशॉट आहे म्हणजे बॅकअप आहे या समजुतीला तो थारा देत नाही.

बॅकअप मशीन चालू असतानाच घेता येतो. मशीनमध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (आत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम) बसवलेला असेल तर बॅकअप सुरू होताना फाइल सिस्टिम क्षणभर गोठवली जाते आणि अर्धवट लिहिलेल्या नोंदी प्रतीत जात नाहीत. २०२० मध्ये आलेले प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वेगळ्या यंत्रावर बसवले असल्यास केवळ बदललेले तुकडेच पाठवले जातात, त्यामुळे कामाआधीचा बॅकअप ही तासाभराची प्रतीक्षा राहत नाही. मात्र बॅकअप झाला यावर न थांबता तो वेगळ्या क्रमांकाच्या मशीनवर रिस्टोअर करून पाहावा. तसे करताना 'रिस्टोअर झाल्यावर सुरू करा' या अर्थाची खूण काढावी आणि मशीन सुरू करण्याआधी तिच्या नेटवर्क कार्डाची जोडणी तोडावी, अन्यथा एकाच आयपी पत्त्याची दोन हिशेबी मशीन एकाच वेळी नेटवर्कवर उभी राहतील. सुरू झालेल्या प्रतीत हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडून त्या दिवशीचे शेवटचे बिल दिसते का, हे लेखापालांना दाखवून घ्यावे. आमच्याकडे ते स्वतः बिलाचा क्रमांक वहीत लिहून देतात आणि त्यानंतरच मूळ मशीनला हात लागतो.

वेळ निवडण्याबद्दल थोडेसे. चालू मशीनवर काम होते म्हणून ते भर दुपारी करावे असे नाही. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, एसी आणि यूपीएस दोन्ही त्या काळात ताणावर असतात, आणि पार्टिशनचा तक्ता लिहिला जात असताना वीज जाणे हा नसता धोका आहे. यूपीएसची बॅटरी भार धरते का हे आधी पाहून, शिफ्ट बदलल्यानंतर नोंदी कमी असताना हे काम घेतलेले बरे. विंडोजच्या रिकव्हरी पार्टिशनसारखी मोठी कामे आम्ही संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीसाठी राखून ठेवतो; तेव्हा हिशेब विभागाकडून घाई होत नाही.

खर्चाच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. रिसाइज, बॅकअप, थिन साठा यांपैकी कोणतीही सोय पैसे भरणाऱ्यांपुरती राखून ठेवलेली नाही. सदस्यत्व वार्षिक असून ते प्रोसेसरच्या सॉकेटवर, म्हणजे सर्व्हरमधील प्रोसेसरांच्या संख्येवर, मोजले जाते. ते न घेतल्यास लॉगिन करताना वैध सदस्यत्व नसल्याची सूचना येते आणि अद्ययावत आवृत्त्या कमी तपासलेल्या भांडारातून घ्याव्या लागतात. ज्या सर्व्हरवर कारखान्याचा हिशेब आहे त्यासाठी किमान सर्वांत खालच्या दर्जाचे सदस्यत्व घ्यावे, असा सल्ला आम्ही मालकांना दिला आणि त्यांनी तो मानला. त्या दर्जात कंपनीकडून प्रत्यक्ष तांत्रिक मदत मिळत नाही, तपासलेल्या भांडाराचा लाभ तेवढा मिळतो. त्यामुळे एलव्हीएसचे आकडे वाचता येणारा आणि डिस्कपार्टमध्ये थबकून विचार करणारा माणूस गावातच, हाकेच्या अंतरावर असेल, तरच हे उत्पादन घ्यावे. तसा माणूस नसेल तर विंडोजची सवय असलेल्या आस्थापनेने हायपर-व्हीच ठेवावे; तेथेही २०१२ आर२ आवृत्तीपासून स्कझीवरची व्हीएचडीएक्स (हायपर-व्हीच्या स्वरूपातील) डिस्क मशीन चालू असताना वाढवता येते, आणि रिकव्हरी पार्टिशनचा अडथळा तेथेही जसाच्या तसा असतो.